बियाचं तवसं

मी माझ्या जावेवर जळते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला बरं पडेल. थोडीथोडकी नाही, चांगली घसघशीत जळते. ती आमच्या ह्यांच्या धाकट्या भावाची बायको, माझ्याहून सात वर्षांनी लहान. ती, भावोजी आणि त्यांची मुलगी कोकणात आमच्या गावच्या घरी राहतात, शेती करतात. मी मुलुंडला चौथ्या मजल्यावर राहते आणि अंधेरीला एका डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. दिवसभर लोकांना सांगते, "बसा, नंबर आला की बोलावते."

मुलुंडहून अंधेरीला मला बस बरी पडते. पण पवईच्या तलावाजवळ ती एकदा अडकली की अडकली. नेमका तेव्हाच फोन टुणकन वाजायचा. जावेचा फोटो. एकदा नुसते पाय, चिखलाने माखलेले, मागे हिरवंगार शेत. एकदा खळ्यात वाळत घातलेली कोकमं. एकदा आंब्याखाली टाकलेली खुर्ची, खुर्चीत कोणीच नाही. खाली लिहिलेलं, 'शुभ सकाळ वैनी'. बस्स. तिने जरा मिजास केली असती तर मला तिचा राग तरी नीट धरता आला असता. मी तिला अंगठा पाठवायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. बाहेर तलाव असायचा, पण त्याच्या आधी गाड्यांच्या तीन रांगा असायच्या आणि बाजूच्या बसमधला कोणीतरी माझ्याकडे बघून जांभई देत असायचा.

आणि मुळात गाव माझं होतं. म्हणजे मी गावात जन्मलेली. शेजारच्याच वाडीत माझं माहेर. तिसरीपर्यंत मी तिकडच्या शाळेत होते, मग गिरणीत असलेल्या वडिलांनी आम्हाला मुंबईला आणलं. जाऊ मात्र पक्की घाटकोपरची. तिच्या आईवडिलांचं गाव घाटावर, तेही तिने दोनदाच पाहिलेलं. लग्न होऊन ती आमच्या घाटकोपरच्या खोलीत आली तेव्हा तिला मालवणीतलं ओ की ठो कळत नव्हतं. एकदा सासूबाई तिला म्हणाल्या, "गो, निसण हाड." निसण म्हणजे शिडी, माळ्यावरचा डबा काढायला आणायची होती. ही बया शोधून शोधून पंधरा ऑगस्टचं कागदी निशाण घेऊन उभी राहिली. मी पोट धरून हसले. पुढे कित्येक वर्षं आल्यागेल्याला मी तो किस्सा रंगवून सांगायचे, तोही तिच्यासमोर. तीही हसायची. एका खोलीत, एका गॅसवर आम्ही दोघींनी नऊ वर्षं काढली. गावाचं काही निघालं की बोलायचं मी आणि ऐकायचं तिने, असं न ठरवताच ठरून गेलं होतं.

नंतर आम्ही मुलुंडला आलो. सासूबाई गेल्या. धाकटी दोघं त्याच खोलीत राहिली. भावोजी पवईच्या एका ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये होते. लॉकडाऊनमध्ये कॅन्टीन बंद पडलं ते पडलंच, आणि त्याच सुमाराला चाळही पाडायला निघाली. दोघं मुलीला घेऊन गावी निघाली. तेव्हा मला काय वाटलं ते खरं सांगते, मला त्यांची दया आली. मी तिला माझा जुना मिक्सर दिला आणि म्हटलं, "काळजी करू नकोस गं, वर्षभरात परत येशील. तिकडे आहे काय?" माझा तो आवाज आठवला की आजही स्वतःला एक लगावून द्यावीशी वाटते.

वर्षभरात ती आली नाही, तिचे फोटो आले. आणि चूक माझीच, ते मी बिल्डिंगमधल्या बायकांना दाखवले. तिसऱ्या मजल्यावरची म्हणाली, "काय झकास नशीब आहे ना यार तुझ्या जावेचं." घर माझ्या सासऱ्यांचं, जमीन दोघा भावांची, गाव माझं, आणि नशीब तिचं? मी लिफ्टची वाट न बघता जिना चढून घरी आले. ह्यांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, तुम्ही मार्चमध्ये रिटायर झालात की आपण गावी जायचं, कायमचं.

त्याच आठवड्यात मी एक वही केली. पडवीत झोपाळा. गावठी कोंबड्या. लाल माठ, मुळा, पडवळ. सकाळचा चहा विहिरीच्या काठावर. आणि संध्याकाळी काहीही नाही, असंही मी लिहिलं होतं, खाली रेघ ओढून. दवाखान्यात मी सगळ्यांना सांगून टाकलं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आमचे आंबे विसरू नका. बोरिवलीला भाचीकडे गेले होते तेव्हा तिथल्या मॉलमधून गुडघ्यापर्यंतचे पिवळे रबरी बूट घेतले. हे म्हणाले, "अगं, गावी असले कोणी घालत नाही." मी म्हटलं, "तुम्हाला काय कळतंय, तुम्ही घाटकोपरात जन्मलात."

एकच गोष्ट राहिली होती. घर आणि जमीन अजून एकत्र होती. आमचा अर्धा भाग वेगळा मागायचा होता, आणि मागायचा तो जावेकडे, कारण भावोजी तिला विचारल्याशिवाय हूं की चूं करत नाहीत. दिवाळीला मी दहा दिवसांची रजा टाकली. ती भांडेल हे मी धरूनच चालले होते. इतकी वर्षं राबून सावरलेलं कोण सुखासुखी देईल? मी उत्तरं तयार केली होती, बसमध्ये बसून पाठ केली होती. निघायच्या आधी तिच्या आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आमच्याच दवाखान्यात मी लावून दिली, दिवाळीनंतरच्या शुक्रवारची. ते काम मी अगदी मनापासून केलं. मागायला जाताना हात रिकामे नसलेले बरे, असाही एक विचार त्यात होता.

आम्ही पोचलो तेव्हा भाताची कापणी चालली होती. जाऊ शेतातून तशीच आली, अनवाणी, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. माझे पिवळे बूट बघून ती हसली नाही. म्हणाली, "वैनी, ते जरा उंचावर ठेवा हां, विंचू जाऊन बसतो आत." मग चहा आला. आम्हा दोघांना कपबशीत, ते तिघं स्टीलच्या पेल्यात. मी म्हटलं, "मलाही पेल्यात दे की गं." ती म्हणाली, "असू दे हो, तुम्ही कधीतरी येता." एवढ्यात कुंपणाच्या गडग्यापलीकडून एक बाई ओरडली, "तुझी जाव इली काय गो मुंबयसून?" जाऊ तिच्याशी घडाघडा मालवणी बोलायला लागली, हेल काढून, मध्येच हसत. ज्या गावात मी जन्मले तिथे मी तिची मुंबईहून आलेली जाऊ होते. मी बशीत चहा ओतला आणि गुपचूप प्यायले.

दुसऱ्या दिवशी हट्टाने विळा घेऊन शेतात उतरले. तासाभरात कंबर बोलायला लागली. भाताचं टोचरं कूस मानेवरून ब्लाउजमध्ये गेलं आणि जी खाज सुटली ती रात्री अंघोळ केली तरी जाईना. डाव्या हाताचं बोट कापून घेतलं ते वेगळंच. जाऊ माझ्या पुढे चार हात, बांधापलीकडच्या बाईशी गप्पा मारत कापत चाललेली. एकदाही पाठ सरळ केली नाही. दुपारी आभाळ भरून आलं तशी तिने आरोळी दिली आणि सगळे ताडपत्री घेऊन धावले. मीही धावले, पण कोणतं टोक धरायचं ते मला कळेना. भिजलं असतं तर पेंढ्यांतच भाताला मोड आले असते, असं भावोजींनी नंतर सांगितलं. ते सांगताना ते पायातला काटा काढत होते. मला वहीतला झोपाळा आठवला.

मग जावेनेच सुचवलं, "वैनी, तुम्ही घर सांभाळा. बसूनच राहायचंय, फक्त माकडं आली की हाकलायची." मला वाटलं, सुटले. माकडं आली ती विहिरीकडून, केळींमधून, आठ-दहा तरी असतील. मी टाळ्या वाजवल्या. ती थांबून माझ्याकडे बघायला लागली. रिसेप्शनला मी पन्नास माणसं नुसत्या नजरेने गप्प बसवते, पण त्यातलं थोरलं माकड ज्या काठावर मी चहा पिणार होते तिथेच पपई घेऊन बसलं आणि माझ्याकडे बघत बघत खायला लागलं. डबा बडवला तेव्हा गेली. मी बाथरूमला गेले तेवढ्यात परत आली. सकाळी उजाडल्यापासून ते अंधार पडेपर्यंत हेच. घराला पाठ दाखवायची सोय नाही. तेव्हा मला कळलं की जाऊ दोन वर्षांत घाटकोपरला आईकडे का गेली नव्हती. एकाने शेतात, एकाने घरी गाय आणि माकडं, आणि मुलगी तालुक्याला कॉलेजात. आंब्याखालच्या खुर्चीचंही तेव्हाच कळलं. घरात फोनला रेंज येत नाही, ती फक्त आंब्याखाली येते. फोन करायचा असला की ती त्या खुर्चीत बसायची.

हे सगळं बघून माझं जळणं कमी व्हायला हवं होतं. झालं उलटंच. संध्याकाळी ती पाय धुऊन पायरीवर बसायची, भावोजी काहीतरी बोलायचे आणि ती मान मागे टाकून हसायची. चाळीत नऊ वर्षांत मी तिला तसं हसताना बघितलं नव्हतं. माझ्या अंगाला खाज सुटलेली, बोटाला चिंधी बांधलेली, आणि मी मनात म्हणत होते, हे मला पाहिजे. मला हेच पाहिजे.

चौथ्या दिवशी मी ठरवलं, आज विषय काढायचाच. ते सगळे भाताच्या झोडणीला शेतावर गेले होते. म्हटलं, काहीतरी गोड करून खाऊ घालावं, मग बोलावं. वर बघितलं तर पडवीच्या वाशाला केळीच्या सोपटाने बांधून एक तवसं लटकवलेलं. तवसं म्हणजे मोठी गावठी काकडी. हातभर लांब, पिकून पिवळीजर्द झालेली. माझ्या तोंडाला पाणीच सुटलं. लहानपणी आमच्या पडवीत अशी दहा-बारा तवशी लटकलेली असायची, आणि आई त्यातलं एकेक काढून गोड धोंडस करायची. इथे एकच होतं. मला वाटलं, बाकीची खाऊन झाली, हे शेवटचं आमच्यासाठी ठेवलंय. मुंबईहून गावी जाणाऱ्या माणसाला असंच वाटतं. तिकडे जे काही उरलेलं दिसेल ते आपल्यासाठी ठेवलेलं असतं, आणि जाताना पिशवीत घालून न्यायचं असतं.

स्टुलावर चढून मी ते काढलं. चिरलं, आतला गर नि बिया खरवडून परसात कोंबड्यांना टाकल्या, बाकीचं किसलं. तांदळाचा रवा भाजला, गूळ, खोबरं, वर हळदीचं पान. टोपावर झाकणी ठेवून तिच्यावर निखारे घातले, आई घालायची तसेच. मध्येच दोनदा उठून माकडं हाकलली. सगळ्या घरात वास पसरला. त्या दिवसांत पहिल्यांदाच मला वाटलं की आपण या घरच्या आहोत. बघ म्हणावं, निशाणवाले, गावची पोर कशी असते.

जाऊ उन्हं उतरल्यावर आली. पायरीवरच थांबली. तिने वर बघितलं. वाशाला सोपट तेवढं लोंबत होतं.

"वैनी, हयचा तवसा खंय गेला?"

मी म्हटलं, "सरप्राइज आहे."

"ता बियाक ठेवलला," ती म्हणाली. ती माझ्याशी कधीच मालवणी बोलत नाही. "बी खंय?"

"कोंबड्यांना टाकलं," मी म्हटलं.

हातातला विळा तिने पायरीवर ठेवला आणि परसात गेली. कोंबड्या हाकलून ती उकिडवी बसली आणि बोटांनी माती चाळायला लागली. मी मागे जाऊन उभी राहिले. चाळता चाळता तिने सांगितलं, यंदा माकडांनी तवशाचे वेल मुळापासून ओरबाडले होते. एक तवसं तिने गोणपाटाखाली झाकून वाचवलं होतं, तेवढं एकच. बी आमच्याच घरचं. सासूबाई मुंबईला आल्या तेव्हा ते गडग्यापलीकडच्या बाईकडे राहिलं, तिने ते वर्षानुवर्षं लावून जपलं, आणि जावेने गावी आल्यावर तिच्याकडून मागून आणलं. मला हे कसं माहीत असणार? मी कधी विचारलंच नव्हतं.

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. चिडलेली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं.

"वैनी, तुम्हाला ठाऊक नव्हतं? पिवळं होईपर्यंत ठेवलेलं बियाचंच असतं ना. तुम्ही तर इथल्या."

मला ठाऊक नव्हतं. आईने केलेला धोंडस मी खाल्ला होता, तवसं कधी लावलं नव्हतं. आठ वर्षांची पोर गावातून काय घेऊन जाणार, तर चव. तेवढ्यावर मी आयुष्यभर गाववाली म्हणून मिरवत होते. जावेने त्या क्षणी निशाणाचा किस्सा काढायला हवा होता. तिचा हक्क होता. तिने काढला नाही. मी पण खाली बसले आणि माती चाळायला लागले. दोघींना मिळून अकरा बिया सापडल्या. तिने त्या धुतल्या, राखेत घोळवल्या आणि कागदावर पसरून देवळीत ठेवल्या.

धोंडस मात्र झकास झाला होता. सगळ्यांनी खाल्ला, तिनेही. हे दिवसभर झोडणीला होते, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. माझ्याकडे बघून त्यांनी डोळ्यांनी विचारलं, बोलू का? मी नको म्हणून मान हलवायच्या आत बोलून मोकळे. मार्चमध्ये रिटायर होतोय, इथे येऊन राहायचं म्हणतोय, तर आमचा अर्धा भाग वेगळा केला तर बरं होईल.

भावोजींनी जावेकडे बघितलं. ती ताट पुसत होती.

"घ्या की भावजी," ती ह्यांना म्हणाली. "तुमचंच आहे. वैनी, विहिरीकडचा भाग घ्या, पाणी जवळ पडेल. माकडं तिकडूनच येतात, पण तुम्ही आता बघितलंय." मग ताट बाजूला सारून म्हणाली, "एक विचारू? शुक्रवारी आईचं ऑपरेशन आहे. तुमची रजा सोमवारपर्यंत आहे ना? मी गुरुवारी गेले असते, रविवारी परत. गाईची धार सकाळ-संध्याकाळ हे काढतील. तुम्ही फक्त घर बघायचं. नाहीतरी तुम्ही मार्चपासून इथेच असणार, तेवढाच हात बसेल."

इतकी उत्तरं पाठ करून आले होते, त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं. तिने भांडायला हवं होतं. भांडली असती तर मला कळलं असतं की ती जे सोडतेय ते मोलाचं आहे आणि मी ते जिंकतेय. तिने तर भाकरी वाढावी तसा अर्धा भाग पुढे केला आणि त्याबरोबर चार दिवस. अर्धा भाग घ्यायला मी तयार होते. त्या चार दिवसांनी मला घाम फुटला. चार दिवस एकटीने उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत तो डबा बडवत बसायचं, आणि पुन्हा असंच काहीतरी हातून झालं तर तिला काय तोंड दाखवायचं?

"अगं," मी म्हटलं, "आज दुपारीच दवाखान्यातून फोन आला होता. गुरुवारी हजर राहायला सांगितलंय. नाहीतर थांबले असते गं."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर ताटात घातली. जावेने उघड्या दारातून एकदा आंब्याकडे बघितलं. फोन लागतो तो आंब्याखालीच, आणि मी दिवसभर घर सोडलेलं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली, आणि ताटं उचलली.

खोटं निभावायला आम्हाला बुधवारी निघावं लागलं आणि गुरुवारी मी खरंच कामावर गेले. शुक्रवारी तिची आई घाटकोपरहून शेजारणीला घेऊन आल्या. मी फॉर्म भरला, त्यांना बाकावर बसवलं. डोळ्यात थेंब घातले होते, त्या डोळे मिटून बसलेल्या. तेवढ्यात आमच्याकडची एक मुलगी आली आणि मोठ्याने म्हणाली, "अय्या, तू सोमवारपर्यंत रजेवर होतीस ना गं? लवकर कशी टपकलीस?"

मी तिला डोळ्यांनी गप्प केलं, पण जे ऐकायचं ते जावेच्या आईने ऐकलं होतं. त्यांनी डोळे उघडले नाहीत. जरा वेळाने बाकावर हात थोपटून म्हणाल्या, "बस गं जरा. गावी करमलं नाही का तुला?" मी बसले. त्यांना आत नेईपर्यंत त्यांचा हात माझ्या हातात होता, आणि मला तो सोडताही येईना.

ऑपरेशन नीट झालं. एका डोळ्याला पट्टी बांधून त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, लेकीला फोन लाव. मी व्हिडिओ लावला. जाऊ खुर्चीत आंब्याखाली बसलेलीच होती, डोक्याला टॉवेल. आईला बघून तिने टॉवेलचं टोक डोळ्यांना लावलं. आई म्हणाल्या, "रडतेस काय, झालं सगळं. तुझी जाऊ होती की माझ्याजवळ." तेवढंच बोलल्या. जाऊ माझ्याकडे बघून म्हणाली, "बरं झालं वैनी, तुम्ही होतात." एवढ्यात तिच्या मागे कुठेतरी डबा वाजायला लागला. ती फोन खुर्चीत टाकून उठली आणि धावली. पडद्यावर नुसती आंब्याची पानं दिसत राहिली. तिची आई उघड्या डोळ्याने कितीतरी वेळ ती पानं बघत बसल्या.

मार्चमध्ये हे रिटायर झाले. आम्ही गेलो नाही. बिल्डिंगमधल्या बायका विचारायच्या, "कधी निघताय मग?" मी म्हणायचे, बघू. डॉक्टर मॅडमनी आंब्यांचं विचारणं सोडून दिलं. पिवळे बूट बाल्कनीत आहेत, एकात मी मनीप्लांट लावलाय, दुसऱ्यात लागला नाही. जावेचे फोटो अजून येतात, अजून पवईलाच येतात. मी अजून जळते. आधी तिला मिळालं म्हणून जळत होते. त्यात निदान एक सोय होती, कधीतरी मलाही मिळेल असं म्हणता यायचं. आता मला देऊ केलेलं मी नाकारून आलेय. तिला जमतं आणि मला जमत नाही, यावर जळायचं, आणि हे कोणाला सांगताही येत नाही.

यंदा दिवाळीला चार दिवस जाऊन आलो. माकडांसाठी त्यांनी परसाला जाळी लावलीय. पडवीत शिरले आणि आधी वर बघितलं. वाशाला नऊ तवशी लटकत होती, त्या अकरा बियांची. त्यातल्या सगळ्यात मोठ्याला पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला, त्यावर निळ्या पेनाने, जावेच्या अक्षरात: 'बियाचं. काढू नये.'

घरात माणसं तीन, आणि तिघांनाही ते सांगायची गरज नव्हती. मी पुठ्ठ्याखाली उभी होते तेव्हा जाऊ मागून आली.

"तुमचा घोटाळा होऊ नये म्हणून लावलंय, वैनी," ती म्हणाली. "बाकीच्यातलं कुठलंही घ्या."

टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते. तिच्या हातात चहा होता. ह्यांचा कप तिने आधीच बाहेर नेऊन दिला होता, आता माझा आणला होता. तीच कपबशी, निळ्या फुलांची. स्वतःचा पेला तिने पायरीवर ठेवला होता. मी कपबशी घेतली.